तिला काही विचारायचं नाही

४ नोव्हेंबर

आणली घरी! साहेबांना वाटतं माझं डोकं फिरलंय. वाटू दे.

दुपारी बालगृहाच्या फाटकावर एक माणूस आला. मी मुलीचा मामा, भेटायचंय म्हणाला. मुलीला मामाच नाही. तिची आई एकुलती एक होती. फाटकावरच्या बाईनं ओळखपत्र मागितलं, तर "आणतो" म्हणून जो गेला तो गेलाच. म्हणजे पोरगी कुठे ठेवली आहे ते त्याला कळलं. खुनाला आठवडा होत नाही तोवर कळलं!

साहेब म्हणाले, दुसऱ्या बालगृहात हलवू. म्हटलं, पहिल्याचा पत्ता ज्यानं काढला त्याला दुसऱ्याचा काढता येणार नाही का? मग म्हणाले, तुझ्याच घरी कशाला, तू तपास अधिकारी आहेस, साक्षीदार तुझ्या घरी राहतो हे कोर्टात कसं दिसेल? बरोबर आहे त्यांचं. पण कोर्टात दिसायला मुलगी जिवंत तर हवी! हे मी जरा चढ्या आवाजात बोलले असेन. शेवटी हो म्हणाले, पण एक अट घातली. त्या दिवसाबद्दल तिला एक अक्षर विचारायचं नाही. जे विचारायचं ते समुपदेशक बाई विचारतील, त्यांच्या खोलीत, कॅमेऱ्यासमोर, एकदाच. मी विचारलं तर उद्या वकील म्हणणार, पोलिसांनी पोपट पढवला.

मान्य. तोंडाला कुलूप लावणं मला जमतं. बाकी काही जमत नसेल.

मुलगी सात वर्षांची. वडील आधीच वारलेले, आई घरीच कपडे शिवायची. बाहेरच्या खोलीत मशीन, कोपऱ्यात कपडे घालून बघायला पडदा लावलेला. त्या पडद्यामागे सापडली ही. आई मशीनपाशी पडलेली, तिच्याच जड इस्त्रीनं मारलेली. घटनेच्या वेळी खोलीत दोनच माणसं होती जी आज बोलू शकतात. एक खुनी आणि एक ही.

गाडीत माझा हात घट्ट धरून बसली होती. तळहात ओला. तिचा की माझा, कोण जाणे.

५ नोव्हेंबर

आमचं घर म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, मी आणि बाबा. बाबांचं आयुष्य छापखान्यात गेलं. यंत्रांनी कान खाल्ले, पण बातमी लोकांच्या आधी वाचायची खोड काही गेली नाही. मी दारातून आत आले की पहिला प्रश्न ठरलेला — "मग? कुठवर आलं?" सगळं सांगावं लागतं, आणि तेही कानाशी तोंड नेऊन, ओरडून. यंत्र घ्या कानाचं म्हटलं तर म्हणतात, आता ऐकण्यासारखं राहिलंय काय. आज आधी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, मग सांगितलं. पोरीसमोर एक अक्षर नको.

जेवली. म्हणजे ताटातलं संपलं. नंतर कळलं, अर्धा पाव फ्रॉकच्या खिशात आणि उकडलेला बटाटा उशीखाली! बाबा म्हणाले, ही तर खारूताई. हसली नाही, पण नाव आवडलं असावं. दुपारी त्या नावानं हाक मारली तर आली.

खाली जिन्याच्या तोंडाशी हवालदार बसवला आहे. तसा आडवातिडवा गडी आहे, तो बसला की मांजरसुद्धा वर यायचं नाही. पण चार मजले चढून आला की त्यालाच आधी पाणी पाजावं लागतं.

७ नोव्हेंबर

परत झोप नाही. दार, कडी, गॅस, खिडकी. मग पुन्हा दार. डॉक्टर म्हणतात, मनात फिरतं ते लिहून काढा. म्हणून ही वही. लिहिल्यानं काय होतं? मनात फिरायचं ते कागदावर फिरतं.

गेल्या वर्षी ह्याच जिन्यात एकानं माझ्या पोटात सुरी घातली. मी पकडलेल्या माणसाचा भाऊ. तो आता तुरुंगात आहे आणि लवकर बाहेर येणार नाही. मला हे पक्कं माहीत आहे. माझ्या हाताला माहीत नाही. तो कडीवरून निघत नाही.

सकाळी चहा करत होते तर खारूताई अनवाणी आली. "मावशी, कडी लावलेली आहे. मी बघून आले."

मला इतकी लाज वाटली! मी तिला सांभाळायला आणली आणि ती माझी कडी बघून येते. जवळ घेतलं. केसांना अजून बालगृहाच्या साबणाचा वास येत होता. आज न्हाऊ घालायला हवं.

८ नोव्हेंबर

तपासाचं लिहायचं नाही ठरवलं होतं, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. तो वरचा भाडेकरू. पोरीच्या घराच्या बरोबर वरच्या खोलीत राहतो. मशीनच्या खडखडीवरून आईशी त्याची कायम भांडणं. सगळ्या इमारतीनं ऐकलेली. एकदा म्हणाला होता, ती मशीन तुमच्यासकट खाली फेकून देईन. खुनाच्या दुपारी कामावर होतो म्हणाला. त्या दिवशी कामावर होता का, एवढंच तिथे विचारलं, तर नाही म्हणाले. आणि शेजारणीनं एकाला जिन्यावरून पळताना पाठमोरं पाहिलं, हिरवं जॅकेट घातलेलं. ह्याच्या खुंटीला हिरवं जॅकेट! आणखी काय हवं?

साहेबांना आणखी हवं. हिरवी जॅकेटं शंभर असतात म्हणे. तिनं पाहिलं असेल तर तिचं बोलणं हवं. बाबांना सगळं सांगितलं दार लावून. ते म्हणाले, "मग विचार की तिला." अहो बाबा, तेच तर करायचं नाही! तीनदा ओरडून सांगितलं तेव्हा पटलं. घसा बसला माझा.

नाव ठेवायला जागा ठेवलेली नाही मी. एक प्रश्न नाही विचारलेला पोरीला. तुला काय आवडतं, एवढंसुद्धा जपून विचारते.

१० नोव्हेंबर

आज मी पाण्याचं मीटर बघायला आलेल्या माणसाची गचांडी धरली.

काय करणार! बेल वाजली. हवालदार चहाला गेलेला. दाराच्या भोकातून पाहिलं तर अनोळखी माणूस, हातात पिशवी. दार उघडलं आणि त्याला भिंतीला दाबला. पिशवीतनं पाना पडला. बिचारा नुसता "मीटर, मीटर" करत होता. ओळखपत्र गळ्यातच होतं. माफी मागितली, पाणी दिलं. ते न पिताच गेला. हवालदाराला असा झाडला की तो रडायचाच राहिला.

आत आले तर खारूताई दिसेना. पलंगाखाली नाही, कपाटात नाही. शेवटी खिडकीच्या पडद्याखाली तिचे पाय दिसले. मी पडद्यासमोर जमिनीवर बसले. आपण हिला भीतीपासून लांब आणली म्हणायचं, आणि भीती घरात मीच घेऊन फिरते आहे.

पडद्यातून आवाज आला, तोच होता का.

म्हटलं, नाही बाळा, तो पाण्याचा माणूस होता. आणि त्या दिवसाबद्दल आपण दोघींनी बोलायचं नसतं. ते बाहुलीवाल्या बाईंशी बोलायचं. (समुपदेशक बाईंकडे बाहुल्यांची टोपली आहे, म्हणून त्या बाहुलीवाल्या बाई.)

"बोलले की काय होतं?"

"बोललीस की सगळं नीट होतं."

तिनं पडद्यातून तोंड बाहेर काढलं. "तुझंपण?"

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

११ नोव्हेंबर

आज काही झालं नाही. त्याचीच जास्त भीती वाटते.

१३ नोव्हेंबर

बाबा आणि ती दिवसभर सापशिडी खेळतात. बाबा ह्या वयात लबाडी करतात, आणि ती ते बघूनही बोलत नाही. मी विचारलं, आजोबांनी सोंगटी पुढे सरकवली ती दिसली ना तुला? म्हणाली, त्यांना जिंकायला आवडतं. अशी पोर! ह्या वयात मुलांनी भांडायला हवं, पट उधळायला हवा.

उद्या तिचा जबाब. भाडेकरूला चौकशीला आणून बसवलं आहे, पण नुसत्या खोटं बोलण्यावर किती वेळ बसवणार. ती बोलली नाही तर उद्या संध्याकाळी सोडावा लागेल. आणि सुटला की तो कुठे येईल हे सांगायला ज्योतिषी नको.

बाबा म्हणाले, तोंड बघ कसं झालंय तुझं, झोपतेस का? माझा तोलच सुटला. दार लावलेलं होतं म्हणून बरं! म्हटलं, कशी झोपू? तो वरचा हिरव्या जॅकेटवाला उद्या सुटणार असेल तर कशी झोपू? ती उद्या बोलली की त्याला आत टाकते, मग झोपते, मग हवं तर आठवडाभर उठवू नका मला! बाबांनी पाठीवरून हात फिरवला. रडले थोडी. किती महिन्यांनी कुणास ठाऊक. बरं वाटलं.

बाहेर आले तर ती चित्र रंगवत बसली होती, मान खाली घालून. हिरवा तेलखडू तोडला होता. नवा डबा आणायला हवा.

१४ नोव्हेंबर

बोलली! बोलली बोलली बोलली!

मी काचेमागे उभी होते. तिच्याकडून आम्ही दिसत नाही. बाहुलीवाल्या बाईंनी आधी बराच वेळ खेळ केला, टोपली मांडली, हिचं नाव काय, तिचं नाव काय. माझा जीव टांगणीला. मग म्हणाल्या, तुला त्या दिवसाचं काही सांगायचंय का? एवढंच. काही सुचवलं नाही, काही नाही. आणि आमची खारूताई ताठ बसली आणि एका दमात सांगून मोकळी झाली. वरचे काका आले. आईशी मशीनवरून भांडले. त्यांनी हिरवं जॅकेट घातलं होतं. त्यांनी इस्त्री मारली. मी पडद्यामागून बघितलं.

सांगून झाल्यावर काचेकडे बघितलं तिनं. अगदी माझ्याकडे. तिला दिसणं शक्य नाही, पण मला वाटलं दिसले मी.

साहेबांनी माझा हात हातात घेतला, जे ते कधी करत नाहीत. म्हणाले, जिंकलीस. भाडेकरूला तिथल्या तिथे अटक.

येताना तिला नवा रंगांचा डबा घेतला. बाबांनी दारातच विचारलं, कुठवर आलं? आज दार न लावता ओरडले, संपलं बाबा, संपलं!

१५ नोव्हेंबर

झोपले. उजाडेपर्यंत! कडीकडे गेलेसुद्धा नाही. उठले तर ती उशाशी बसून माझ्याकडे बघत होती.

१७ नोव्हेंबर

सगळं सुरळीत झालं की लोकांना खाजवायला काहीतरी लागतं. बाहुलीवाल्या बाईंचा फोन. म्हणाल्या, जबाब चांगला आहे, पण मला खटकतं आहे. मुलं असं सलग सांगत नाहीत. वास सांगतात, आवाज सांगतात, शेवटचं आधी सांगतात. हिनं पाढे म्हणावेत तसं सांगितलं. म्हटलं, हुशार आहे मुलगी. म्हणाल्या, तेच तर. मग विचारलं त्यांनी, घरी ह्याबद्दल काही बोलणं झालं होतं का? मला रागच आला. म्हटलं, बाई, मी तिला एक प्रश्न विचारलेला नाही. शपथेवर सांगेन. त्या म्हणाल्या, माझा विश्वास आहे. पण आवाज तसा नव्हता.

भाडेकरू कोठडीत रडतो म्हणे. नोकरी जाऊन महिना झाला, घरी गावाकडे सांगितलं नाही, रोज डबा घेऊन निघायचो आणि बागेत बसायचो. त्या दुपारीही बागेतच होतो. कोणी पाहिलं? कोणी नाही. गुन्हेगाराला नेमकी अशी बाग सापडते जिथे चिटपाखरू नसतं.

बालगृहाच्या फाटकावरच्या बाईला त्याचा फोटो दाखवला. म्हणाली, हा नव्हे. तो मामा उंच होता, हाडकुळा, चष्मेवाला. हा तर बुटका. साहेब म्हणाले, असेल ह्यानं पाठवलेला कोणी. असेलच. अशा माणसांना मित्र असतात.

पण पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. झोपेची गोळी घेतली.

१८ नोव्हेंबर

हवालदाराचा पहारा आज उठवला. आरोपी आत असताना बाहेर माणूस कशाला, साहेबांचं म्हणणं. मी नाही म्हणाले नाही. म्हणायचं होतं. पण आजवर इतक्यांदा "लांडगा आला रे" केलंय की आता कोण ऐकणार? मीटरवाल्याची गोष्ट कचेरीत सगळ्यांना पाठ आहे.

जाताना हवालदार वर आला, धापा टाकत, खारूताईला लिमलेटच्या गोळ्या दिल्या. तिनं एक खाल्ली आणि बाकीच्या खिशात टाकल्या. पुढच्या आठवड्यात तिची आत्या येणार न्यायला. चांगली वाटली फोनवर. घर मोठं आहे, अंगण आहे, दोन मुलं आहेत. मी म्हटलं, रात्री दिवा लावून ठेवावा लागतो तिला, आणि उशीखाली काय सापडेल त्यावर रागवू नका. आत्या म्हणाली, तुम्ही काळजी करू नका. काळजी करू नका म्हणे! मला दुसरं येतं काय?

घर सुनं होणार. बाबा आत्ताच विचारायला लागलेत, मग सापशिडी कोणाशी खेळायची.

१९ नोव्हेंबर

सकाळी दूध पिताना म्हणाली, मावशी, आता झोपतेस ना तू? म्हटलं, झोपते की. तू बोललीस म्हणून. खुलली. मग पेल्यात बघत, सहज सांगावं तसं म्हणाली —

"मी बघितलं नव्हतं. आईनं डोळे मिटून घे म्हणून सांगितलं होतं, ते मी मिटूनच ठेवले होते. पण तू आजोबांना सांगायचीस ना, मी बोलले की तुला झोप लागेल. आणि काय बोलायचं तेपण तूच सांगायचीस, दाराआडून. सगळं ऐकू यायचं."

रागवू कशी? आणि कोणावर? तिला जवळ घेतलं आणि बाबांकडे नेऊन बसवलं.

कडी लावली आहे. साहेबांचा फोन वाजतो आहे, उचलत नाहीत. खिडकीतून खाली दिसतंय. हवालदाराचं स्टूल रिकामं आहे. उचलला की आधी काय सांगू — भाडेकरूला सोडा, की हवालदाराला परत पाठवा?